यादीत नसलेलं नाव : लेनी हायस्कूल, १९७८

संघातून डावललेल्या मुलाची समजूत घालताना मोठ्या माणसांकडे एक हुकमी वाक्य असतं : "अरे, जॉर्डनलासुद्धा शाळेच्या संघात घेतलं नव्हतं." जॉर्डन म्हणजे बास्केटबॉलचा महान खेळाडू मायकेल जॉर्डन. मुलाचे डोळे थोडे चमकतात, मोठ्यांना आपण काहीतरी केल्याचं समाधान मिळतं आणि विषय तिथेच संपतो. पण या एका वाक्यात तीन गोष्टी गृहीत धरलेल्या असतात. प्रशिक्षकाला पारख नव्हती, मुलावर अन्याय झाला आणि मुलाने निव्वळ जिद्दीने सगळ्यांना खोटं पाडलं. प्रकरण जवळून पाहिलं तर पहिल्या दोन गोष्टी टिकत नाहीत आणि तिसरी अर्धीच टिकते. तरीही, किंवा म्हणूनच, तरुण खेळाडूंसोबत काम करणाऱ्यांनी ते नीट वाचावं असं मला वाटतं.

नेमकं काय घडलं

अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातलं विल्मिंग्टन हे गाव. तिथलं एम्स्ली ए. लेनी हायस्कूल १९७८ साली अगदी नवं होतं, सुरू होऊन जेमतेम दोन वर्षं झालेली. त्या वर्षीच्या हिवाळी मोसमाआधी बास्केटबॉलची निवड चाचणी झाली. मायकेल जॉर्डन तेव्हा पंधरा वर्षांचा, दहावीतला, या शाळेत नुकताच दाखल झालेला. उंची पाच फूट दहा इंच, म्हणजे साधारण १७८ सेंटिमीटर. खेळाची आवड दांडगी होती, पण तोपर्यंत त्याचं नाव झालं होतं ते बेसबॉलमध्ये. बारा वर्षांचा असताना एका राज्यस्तरीय स्पर्धेत तो सर्वोत्तम खेळाडू ठरला होता.

तिथल्या शाळांमध्ये सहसा दोन संघ असतात. एक मुख्य संघ, त्याला 'व्हर्सिटी' म्हणतात आणि त्यात बहुतेक अकरावी-बारावीची मुलं असतात. दुसरा 'ज्युनिअर व्हर्सिटी', खालच्या वर्गांतल्या मुलांचा. त्याचे सामने वेगळे असतात आणि त्या सामन्यांना गर्दी जरा कमीच असते. दहावीचा मुलगा थेट मुख्य संघात जाणं ही अपवादाची गोष्ट. त्या वर्षी लेनीत हा अपवाद एकाच मुलाच्या बाबतीत झाला. तो मुलगा जॉर्डनचा मित्र लेरॉय स्मिथ, उंची सहा फूट सात इंच, म्हणजे जवळपास दोन मीटर.

यादी भिंतीवर लावली गेली. त्यात स्मिथचं नाव होतं, जॉर्डनचं नव्हतं. तो घरी गेला, खोलीचं दार लावून घेतलं आणि रडला, असं त्यानेच पुढे अनेकदा सांगितलं आहे. दुसऱ्या संघात मात्र त्याचं नाव होतं. म्हणजे त्याला शाळेच्या खेळातून कोणी 'काढून टाकलं' नव्हतं. 'जॉर्डनला हाकलला' ही जगभर फिरणारी आवृत्ती इथेच पहिला गोता खाते. पण पंधरा वर्षांच्या मुलाला हा फरक कुठून दिसणार? त्याला दिसलं एवढंच की मित्र आत गेला आणि आपण बाहेर राहिलो.

निर्णय घेणाऱ्याच्या बाजूने

मुख्य प्रशिक्षक क्लिफ्टन हेरिंग. सगळे त्यांना 'पॉप' म्हणत. कथांमधून ते आंधळा परीक्षक म्हणून रंगवले जातात. त्यांच्या जागी बसून पाहू.

मुख्य संघात वरच्या वर्गातली मुलं गच्च भरलेली होती. चेंडू खेळवणारे, बाहेरून नेम धरणारे गार्ड पुरेसे होते. कमतरता होती ती उंचीची. बास्केटबॉलमध्ये बास्केट जमिनीपासून दहा फुटांवर असते. रिबाउंड, म्हणजे नेम हुकून परतलेला चेंडू, घ्यायला आणि समोरच्याचा फटका अडवायला उंच शरीर लागतं, आणि शाळेच्या पातळीवर सहा-सात, म्हणजे सहा फूट सात इंच, उंचीचा मुलगा रोज सापडत नाही. त्यामुळे 'दहावीतला एक मुलगा घ्यायचा' असं ठरलं की नाव स्मिथचंच येणार होतं. जॉर्डन कमी प्रतीचा होता असा त्याचा अर्थ निघत नाही. संघात ज्या जागेची उणीव होती, त्या जागेचा तो खेळाडू नव्हता, इतकंच.

दुसरी बाजू अधिक महत्त्वाची. जॉर्डन मुख्य संघात गेला असता तर वर्षभर त्याने काय केलं असतं? बेंचवर बसून टाळ्या वाजवल्या असत्या आणि निकाल लागून गेलेल्या सामन्यात शेवटची दोन-तीन मिनिटं मैदानावर काढली असती. हेरिंग यांचे सहकारी फ्रेड लिंच यांनी नंतर सांगितलं त्याचा मथितार्थ असा की मुलगा चांगला आहे हे त्यांना ठाऊक होतं आणि त्याला जास्त खेळायला मिळावं असं त्यांना वाटत होतं. पश्चातबुद्धीने सुचलेलं स्पष्टीकरण म्हणून कोणी याकडे संशयाने पाहील. तसा संशय घ्यायला हरकत नाही. पण निर्णयाचा परिणाम मात्र नेमका हाच झाला.

मला निर्णयात खोट दिसत नाही. खोट दिसते ती तो कळवण्याच्या पद्धतीत. भिंतीवरची यादी कोण आत गेलं एवढंच सांगते. का, किती काळासाठी आणि आता काय करायचं, यांपैकी काहीच ती सांगत नाही. त्या गप्प कागदासमोर उभं राहून मूल स्वतःच अर्थ लावतं, आणि पंधराव्या वर्षी लावलेला अर्थ बहुधा सगळ्यात वाईट असतो : मी नालायक आहे. 'तुला डावललेलं नाही, या वर्षी आम्हाला उंची हवी आहे, तू दुसऱ्या संघात प्रत्येक सामना पूर्ण खेळ, पुढच्या वर्षी पुन्हा बघू' हे सांगायला पाच मिनिटं लागतात. त्या पाच मिनिटांत मुलाचं दुःख कमी होईलच असं नाही, पण त्याला दुःखाचा आकार कळतो. असं बोलणं झालं असतं तर आज आपल्याकडे ही दंतकथा नसती, हेही खरं.

ते एक वर्ष

जॉर्डन दुसऱ्या संघात खेळू लागला आणि तिथे त्याने धुमाकूळ घातला. काही सामन्यांत त्याचे एकट्याचे चाळीस गुण झाले. मुख्य सामन्याआधी होणारा हा सामना बघायला लोक लवकर येऊ लागले. खेळाडूच्या घडणीच्या दृष्टीने पाहिलं तर या वर्षाची किंमत फार मोठी आहे. चेंडू सतत त्याच्या हातात होता. निर्णय त्याला घ्यायचे होते आणि चुका करायला जागा होती. सरावात हजार वेळा घोटलेली गोष्ट सामन्यात दहा वेळा करून पाहिल्याशिवाय अंगात मुरत नाही, आणि सामन्यात ती करून पाहायला मैदानावर असावं लागतं. मोठ्या संघाची जर्सी घालून बेंचवर बसलेल्या मुलाला अभिमान मिळतो, पण खेळ मिळत नाही. हा सौदा फायद्याचा असं समजणाऱ्या पालकांची संख्या कमी नाही.

सरावाच्या बाबतीत त्याने पुढे सांगितलेली गोष्ट प्रसिद्ध आहे. दमल्यावर थांबावंसं वाटलं की तो डोळे मिटायचा, नाव नसलेली ती यादी आठवायचा आणि पुन्हा उभा राहायचा. ही गोष्ट सगळे सांगतात. मला मात्र तिच्यापेक्षा दुसरी, कमी सांगितली जाणारी गोष्ट जास्त बोलकी वाटते. मोसमाच्या शेवटी मुख्य संघ स्पर्धेला निघाला तेव्हा जॉर्डनने धीर करून आपल्यालाही बसमधून येऊ द्या अशी विनंती केली. तिथे गेल्यावर आत जायचं तर त्याला एकच मार्ग होता, संघातल्या एका खेळाडूचे कपडे उचलून न्यायचे. ते त्याने केलं. आपल्याला कपडे वाहून नेताना पाहून आई-वडिलांना काय वाटेल, हे त्याला टोचत होतं, असंही त्याने सांगितलं आहे.

चिकाटी म्हटलं की घाम, पहाटेचा गजर आणि दात-ओठ खाऊन मारलेले जोर आठवतात. इथे तिचं जे रूप दिसतं त्यात मान बाजूला ठेवावा लागतो. ज्या संघाने घेतलं नाही त्याच्याच बसमध्ये, त्यांचंच सामान धरून, केवळ खेळ जवळून पाहता यावा म्हणून जाणं. रागाने पेटलेला मुलगा सराव करू शकतो. पण राग गिळून त्याच माणसांच्या आसपास राहणं त्याहून अवघड. आणि अनेक गुणी मुलं गळतात ती इथेच. अंगातली ताकद कमी पडते म्हणून ती जात नाहीत. रोज त्याच चेहऱ्यांसमोर उभं राहण्याचा संकोच त्यांना घालवतो.

मग उंची आली

पुढच्या मोसमापर्यंत जॉर्डन सहा फूट तीन इंचांच्या आसपास पोहोचला होता. दंतकथेत ही ओळ कंसात टाकली जाते. प्रकरणाच्या अभ्यासात ती मधोमध ठेवावी लागते.

मुलांची उंची सर्वांत वेगाने वाढते ती सरासरीने चौदाव्या वर्षाच्या सुमारास, मुलींची बाराव्याच्या सुमारास. ही झाली सरासरी. प्रत्यक्षात एखादा मुलगा बाराव्या वर्षीच उंच होतो, तर दुसरा सोळावं उलटल्यावर. एकाच बाकावर बसणाऱ्या दोन मुलांच्या जन्मतारखा जवळजवळ सारख्या असूनही शरीराच्या वाढीत त्यांच्यात कित्येक वर्षांचं अंतर असू शकतं. त्या वयात निवड चाचणी घेणारा माणूस आपण कौशल्य मोजतोय असं समजतो. बऱ्याचदा तो कोण आधी वाढलं हेच मोजत असतो. जन्मतारखेचाही असाच खेळ आहे. वयोगटाची सीमारेषा ज्या तारखेला असते तिच्या लगेच नंतर जन्मलेली मुलं गटात वयाने मोठी ठरतात आणि निवडलीही जास्त जातात. कॅनडातल्या आइस हॉकीच्या खेळाडूंबाबत रॉजर बार्न्सली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ साली हे दाखवून दिलं, आणि नंतर अनेक खेळांत तेच आढळलं. इंग्लंडमधल्या फुटबॉल अकादम्यांनी अलीकडच्या काळात काही स्पर्धांमध्ये मुलांचे गट वयाऐवजी शारीरिक वाढीनुसार पाडून पाहिले, ते याच कारणाने.

जॉर्डनच्या बाबतीत मात्र हे आधी ओळखणंही सोपं नव्हतं. आई-वडील दोघंही सहा फुटांच्या आतले. एका वर्षाने मोठा असलेला भाऊ लॅरी पाच-आठच्या आसपास थांबलेला. घराकडे पाहून कोणत्याही प्रशिक्षकाने 'हा सहा-सहापर्यंत जाईल' असं म्हटलं नसतं. त्यामुळे हेरिंग यांची शंका म्हणजे त्या दिवशीच्या शरीराचं त्या दिवशी घेतलेलं माप होतं. माप बरोबर होतं. चूक तेव्हा होते, जेव्हा असं माप भविष्यवाणी म्हणून वापरलं जातं. निवडणारे ती चूक करतात, पालक करतात आणि सर्वांत जोरात ती मूल स्वतः करतं.

शंका घेणारा कोण होता

या प्रकरणातला सर्वांत अवघडून टाकणारा भाग हा आहे. ज्या हेरिंगना शंका घेणाऱ्याच्या खुर्चीत बसवलं जातं, तेच पुढच्या काळात शाळा भरण्याआधी जॉर्डनला घरून गाडीत घेऊन व्यायामशाळेत नेत आणि सराव करून घेत. हा मुलगा बघा म्हणून नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या प्रशिक्षकांपर्यंत त्याचं नाव पोहोचवण्यातही त्यांचा हात होता. १९८० च्या उन्हाळ्यात पिट्सबर्गमधल्या 'फाइव्ह-स्टार' शिबिरात जॉर्डनने देशभरातून आलेल्या मुलांसमोर आपला खेळ दाखवला आणि तिथून त्याचं नाव सगळीकडे गेलं. १९८२ च्या विद्यापीठ अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यात जॉर्जटाउनविरुद्ध विजयी बास्केट त्याचीच, सामना ६३-६२. पुढचं सगळ्यांना माहीत आहे.

२००९ मध्ये बास्केटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये प्रवेश मिळाला तेव्हाच्या भाषणात, कारकीर्दीत सगळं मिळवून झालेल्या या माणसाने लेरॉय स्मिथची आठवण काढली, त्याला निमंत्रणही दिलं होतं, आणि निवड करणाऱ्या प्रशिक्षकाला तुमची चूक झाली होती हे दाखवून द्यायचं होतं असं सांगितलं. एकतीस वर्षांनी! लोक हसले. मला त्या भाषणात थोडं खटकलं. डिवचलं जाणं हे त्याचं इंधन होतं हे मान्य, आणि त्याला ते कामी आलं. पण अपमान नसलेल्या जागी अपमान शोधून त्यावर धावायची सवय सगळ्यांना झेपत नाही. 'त्यांना दाखवून दे' हे मुलाला शिकवणं सोपं असतं. ज्या दिवशी 'ते' बघत नसतील त्या दिवशी मूल कशासाठी खेळणार, हा प्रश्न मग उरतो. पहाटे गाडी घेऊन दारात उभा असलेला प्रशिक्षक मात्र त्या आवृत्तीतून पुसला जातो.

निवडलेल्या मुलाबद्दलही दोन शब्द. लेरॉय स्मिथ पुढे शार्लटच्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाकडून खेळला. विद्यापीठाच्या संघापर्यंत पोहोचणारी शाळकरी मुलं फार थोडी असतात. म्हणजे ती निवड चांगलीच होती. दुसऱ्या बाजूला जॉर्डन उभा राहिला म्हणून ती वाईट दिसते. तशी दिसणार नाही अशी निवड जगात कोणाला करता येईल?

चिकाटीच्या वाट्याला किती?

हे सगळं वाचून कोणी म्हणेल की उंची वाढली म्हणून झालं, चिकाटीचं काय घेऊन बसलात. तेही खरं नाही. उंची आली तेव्हा तो खेळात होता, म्हणून उंचीचा उपयोग झाला. त्या वर्षी त्याने बास्केटबॉल सोडून बेसबॉल धरला असता तर चार-पाच इंच वाढलेला एक चांगला बेसबॉलपटू तयार झाला असता. शिवाय छोट्या शरीराने खेळताना कमावलेलं चेंडूवरचं नियंत्रण आणि चपळाई उंची वाढल्यावरही त्याच्याकडे राहिली. आधीपासून उंच असलेल्या मुलांना ही कौशल्यं कमवायची गरजच पडत नाही, कारण हात वर केला की काम होतं. उशिरा वाढणाऱ्या मुलांना तग धरता आला तर त्यांना मिळणारा हा फायदा आहे. 'तग धरता आला तर' हे शब्द मात्र वगळता येत नाहीत.

आणि तग धरायला त्याच्याकडे काय काय होतं, हे मोजलं पाहिजे. खेळायला एक खरा संघ होता, ज्याचे खरे सामने होत होते. पाठीशी उभे राहणारे आई-वडील होते. प्रशिक्षकाची नजर त्याच्यावर होती. आणि परसदारी रोज हरवणारा मोठा भाऊ होता. दुसरा संघच नसलेल्या शाळेत हाच मुलगा, हीच जिद्द, हेच अश्रू घेऊन गेला असता तर यादी लागली त्या दिवशी त्याचा मोसम संपला असता. मुलांमध्ये चिकाटी नाही अशी तक्रार करणाऱ्या क्लबांनी आणि शाळांनी आधी हे पाहावं की वगळलेल्या मुलांना पुढचं वर्षभर खेळायला त्यांनी काय ठेवलं आहे. रिकाम्या मैदानाकडे पाहत चिकाटी धरा असं सांगण्याला फारसा अर्थ नसतो. वगळताना पुन्हा कधी पाहणार त्याची तारीख द्यावी, तोवर सामने द्यावेत, आणि वाढीच्या वयात एका चाचणीवरून दार कायमचं लावू नये, एवढं तर कुठल्याही संस्थेला जमण्यासारखं आहे.

पालकांसाठी या प्रकरणात एक अडचणीचा प्रश्नही आहे. वगळल्यावर नेटाने खेळत राहिलेल्या इतर मुलांचं काय झालं? त्यांच्या गोष्टी कोणी सांगत नाही, कारण त्यांना सहा-सहापर्यंत उंची मिळाली नाही. त्यांपैकी एक त्याच घरात होता.

लॅरी जॉर्डन. परसदारच्या मैदानावर तो धाकट्या भावाला वर्षानुवर्षं हरवत असे. शाळेकडून तो ४५ क्रमांकाची जर्सी घालायचा. मायकेलला तोच क्रमांक हवा होता, तो मिळेना म्हणून त्याने साधारण निम्मा, २३, घेतला. लॅरी सहा-दोन असता तर मायकेल 'लॅरीचा भाऊ' म्हणून ओळखला गेला असता, अशा आशयाचे उद्गार हेरिंग यांच्या नावावर आहेत. म्हणजे पारख नसलेल्या या प्रशिक्षकाने दोघांनाही ओळखलं होतं. लॅरीनेही खेळ सोडला नाही. १९८८ मध्ये ठरावीक उंचीपेक्षा कमी उंचीच्या खेळाडूंसाठी असलेल्या एका व्यावसायिक लीगमध्ये तो थोडा काळ खेळला. आई-वडील तेच, परसदार तेच, आणि जिद्द, सांगणाऱ्यांच्या मते, तितकीच. तो पाच-आठवर थांबला. आपल्या मुलाला जॉर्डनची गोष्ट सांगणाऱ्याने त्यातला कोणता भाऊ सांगायचा, हे आधी ठरवून घ्यावं. माझ्या मते दोन्ही सांगावेत, आणि लॅरी आधी.